पहिल्या फुलाची तारीख

वसंत ऋतू केव्हा सुरू होतो, असे शाळेत विचारले तर मुले चटकन सांगतील, चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. उत्तर पंचांगाप्रमाणे अगदी बरोबर आहे. पण त्याच मुलांना माघ सरता सरता गावाबाहेरच्या माळावर घेऊन जा. पाने झडलेल्या पळसाच्या फांद्यांवर काळपट, मखमली कळ्यांचे झुपके दिसू लागतील. ओढ्याकाठची काटेसावर तर कदाचित त्याआधीच लाल झाली असेल. पंचांगात अजून शिशिरच चालू असतो! आणि पाडव्याची गुढी उभी राहीपर्यंत पुष्कळ ठिकाणी पळसाचा बहर ओसरलेलाही असतो. तेव्हा वसंताच्या पहिल्या खुणेचा फोटो घ्यायचा, तर चैत्राची वाट पाहून चालत नाही.

हल्ली कॅमेऱ्याचा फोन बहुतेक घरांत असतो. त्यावर लग्नाचे, जत्रेचे, बैलजोडीचे फोटो भरपूर निघतात. पळसाचेही निघतात; पण केव्हा? सबंध झाड पेटल्यासारखे दिसू लागले म्हणजे. ते चित्र सुंदर असते यात शंका नाही. मात्र त्यावरून एवढेच कळते, की झाड फुलले होते. फुलायला सुरुवात कधी झाली हे कळत नाही.

आणि तेच तर आपल्याला हवे आहे. पारावर आपण ऐकतो, “यंदा मोहोर लवकर आला”, “पूर्वी पळस शिमग्याला फुलायचा.” किती दिवस लवकर, असे विचारून पहा. उत्तर मिळत नाही. शिवाय सणाचे माप इथे फसवे असते. गुढीपाडवा २०२३ साली २२ मार्चला आला आणि २०२४ साली ९ एप्रिलला. अठरा दिवसांचा फरक! झाड काही तिथी पाहून फुलत नाही. ऊन, थंडी आणि जमिनीतली ओल यांवर त्याचे चालते. म्हणून वहीत तिथी हौसेने लिहा, पण इंग्रजी तारीख लिहायला विसरू नका.

इंग्लंडात नॉरफक परगण्यातल्या रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ साली अशा नोंदी धरायला सुरुवात केली. पहिले पान, पहिले फूल, पहिली कोकिळेची साद. त्याच्या वंशजांनी हे काम १९५८ पर्यंत चालविले. त्यांच्या त्या नुसत्या तारखांवरून आजचे शास्त्रज्ञ हवामान बदलले तसा वसंत किती सरकला याचा हिशोब मांडतात. आपल्या देशातही ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळांतली मुले एकेक झाड नेमून घेतात आणि त्याच्या नोंदी ठेवतात. तुमच्याजवळ तर तारखेच्या जोडीला फोटोही असेल.

आता प्रत्यक्ष काम. झाड रोजच्या वाटेवरचे निवडा. गायरानातले, देवराईतले, शाळेच्या कुंपणाजवळचे, कुठलेही चालेल. दूरच्या अभयारण्यातले नको, कारण तिथे रोज जाणे होत नाही. जिथे उभे राहून फोटो घ्याल तिथे एक दगड रोवून ठेवा. दर खेपेला त्याच दगडाजवळून, त्याच दिशेने दोन फोटो घ्या: एक सबंध झाडाचा, मागे डोंगराची कड किंवा देवळाचा कळस येईल असा, दुसरा एकाच ठरलेल्या फांदीचा. फांदीला सुतळीची सैल खूण बांधली म्हणजे पुरे. जानेवारीच्या मध्यापासून दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे करायचे.

इथे मुले हमखास अडतात. “सर, आज काहीच नव्हते, म्हणून फोटो काढला नाही,” असे आमच्या कॉलेजातली मुलेही म्हणतात. अहो, तोच फोटो मोलाचा! दहा तारखेच्या फोटोत फांदी रिकामी आहे आणि बारा तारखेला एक फूल उमलले आहे, तेव्हाच पहिले फूल या दोन दिवसांत आले असे खात्रीने म्हणता येते. रिकामी फांदी टिपली नसेल, तर ते ‘पहिले’ कशावरून?

फोटो सकाळी घ्या. वारा पडलेला असतो, फुले हलत नाहीत. सूर्य शक्यतो पाठीशी असावा. समोरून उजेड आला तर निष्पर्ण झाडाची नुसती काळी आकृती उमटते. पळसाचा केशरी रंग फोनला जरा जड जातो. कडक उन्हात पाकळ्यांचा सपाट डागच दिसतो. अशा वेळी पडद्यावर फुलाला बोट लावून उजेड थोडा कमी करावा, म्हणजे पोपटाच्या चोचीसारखा त्याचा बाक स्पष्ट येतो. पडद्यावर चित्र ताणून मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जाणे बरे. मात्र त्यासाठी फांदी वाकवू नका, आणि फूल तोडून हातात धरून फोटो तर मुळीच नको. फुलावर मैना, शिंजीर येतात, त्यांना मध खाऊ द्या. तेही फोटोत आले तर उत्तमच. एका फोनवरून दुसऱ्यावर पाठविलेल्या फोटोबरोबर मूळ तारीख जाईलच असे नाही. ती त्याच दिवशी वहीत उतरवावी.

आंब्याचा मोहोर अशाच रीतीने टिपला, तर बागवाल्याला त्याचा रोकडा उपयोग आहे. मोहोर फुटला कधी, ढगाळ हवा आली कधी, तुडतुडे दिसले कधी, हे तारखेनिशी दाखविता आले म्हणजे कृषी खात्यातल्या माणसाशी बोलणे सोपे जाते. कोकिळेचा फोटो मिळणे कठीण. तिचा आवाज फोनवर धरा. गाणारा तो नर असतो, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

एक अडचण मात्र सांगून ठेवतो. रस्ता रुंद होतो आणि नेमके आपले झाड जाते. तसे झाले तर जवळचे दुसरे झाड घ्या, पण त्याच्या तारखा पहिल्याच्या तारखांना जोडू नका. शेजारशेजारचे दोन पळससुद्धा एकाच दिवशी फुलतील असे नसते. झाड पडल्याची तारीख लिहा, बुंध्याचा एक फोटो ठेवा, आणि नव्या झाडासाठी वहीत नवे पान घाला.