आई-बाबांचा कॉम्प्युटर आणि मासुओकांची चिप

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चं नियमित पाठबळ थांबवलं. ‘विंडोज ११’ला साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे घरोघरचे धडधाकट कॉम्प्युटर एका दिवसात बाद ठरले. तेव्हापासून एक प्रश्न फार विचारला जातो. आई-बाबांना ई-पेपर वाचायचा असतो, यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं असतं, विजेचं बिल भरायचं, सातबारा पाहायचा, परगावच्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलायचं असतं. एवढ्यासाठी स्वस्तात कोणता कॉम्प्युटर जुळवून द्यावा?

दुकानात या प्रश्नाची चर्चा प्रोसेसरपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. पण वरच्या यादीतलं एकही काम दहा वर्षांपूर्वीच्या बऱ्यापैकी प्रोसेसरला जड नाही. जुना कॉम्प्युटर रखडतो तो मुख्यतः हार्ड डिस्कमुळे.

स्वस्त लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. हवा तो तुकडा वाचायला आधी बारीक दांडा योग्य वर्तुळावर न्यावा लागतो, मग तो तुकडा फिरत दांड्याखाली येईपर्यंत थांबावं लागतं. दोन्ही मिळून सुमारे १५ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर तुकडे! कॉम्प्युटर सुरू होताना आणि ब्राउझर उघडताना मात्र असे हजारो छोटे तुकडे लागतात, तेही डिस्कभर विखुरलेले. वाण्याकडे तांदळाचं पोतं मागितलं तर पोऱ्या गोदामातून एका खेपेत आणतो. पण जिरं, मोहरी, हिंग, ओवा अशा पन्नास पुड्यांची यादी दिली आणि प्रत्येक पुडीसाठी त्याला गोदामापर्यंत जाऊन यावं लागलं, तर गल्ल्यावरचा मालक कितीही चपळ असला तरी गिऱ्हाईक ताटकळतंच. हा मालक म्हणजे प्रोसेसर. त्याच्यावर आणखी पैसे घालून पोऱ्याच्या खेपा कमी होत नाहीत.

एसएसडी माहिती चिपमध्ये साठवते, तिच्यात फिरणारं, सरकणारं काहीच नसतं. तिथे असा एखादा तुकडा सुमारे ०.१ मिलिसेकंदात हाती येतो. म्हणून जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, की तो मिनिटांऐवजी काही सेकंदांत सुरू होतो. एवढ्या थोड्या पैशांत एवढा फरक पाडणारा दुसरा सुटा भाग मला माहीत नाही.

आणि हे ज्यांच्यामुळे शक्य झालं, त्या फुजिओ मासुओकांचं नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय? बेल लॅबमधल्या डॉवन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं, की चहूबाजूंनी विद्युतरोधक असलेल्या सूक्ष्म बेटावर इलेक्ट्रॉन कोंडून ठेवता येतात. वीज गेली तरी ते तिथेच राहतात, म्हणजेच नोंद टिकते. पण पुढे आलेल्या पुसता येणाऱ्या चिपमध्ये प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे पुसण्याची सोय ठेवली होती. त्यासाठी एकेका नोंदीला दोन ट्रान्झिस्टर लागत आणि चिप महाग पडे. जपानच्या तोशिबा कंपनीतल्या मासुओकांनी ही सोयच सोडून दिली. पुसायचं तर अख्खा गठ्ठा एकदम पुसायचा! एका नोंदीला एकच ट्रान्झिस्टर पुरू लागला. १९८४ मध्ये त्यांनी ही फ्लॅश मेमरी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडली आणि १९८७ मध्ये तिचाच आणखी दाटीवाटीचा ‘नँड’ प्रकार आणला. आजच्या एसएसडीत, पेनड्राइव्हमध्ये, मोबाइलमध्ये हाच प्रकार असतो.

कशावाचून भागेल, हे इतक्या अचूकपणे ओळखणं मला शोधाइतकंच थोर वाटतं. त्यांच्या कंपनीला मात्र त्याचं मोल वेळीच कळलं नाही. १९९४ मध्ये ते तोहोकू विद्यापीठात गेले. २००४ मध्ये त्यांनी कंपनीवर १०० कोटी येनचा दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. जगभराच्या खिशांत पोचलेल्या शोधासाठी ही रक्कम फारच तोकडी आहे.

केवळ किंमत खाली खेचून उपयोगी कॉम्प्युटर होत नाही, हे आपण विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या २०११ च्या स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेटमध्ये पाहिलं आहे. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि जोर देऊन दाबावा लागणारा पडदा. विद्यार्थ्यांनी तो वापरायचा तरी कसा? तिथे जे सोडलं, तेच नेमकं हवं होतं.

तेव्हा घरात २०१२ नंतरचा कॉम्प्युटर असेल तर तो मोडीत काढू नका. २५६ जीबीची साटा एसएसडी घ्या, रॅम ८ जीबी करा आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली बसवा. ती फुकट आहे, सुरक्षा-दुरुस्त्या नियमित मिळतात आणि देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट कळफलकाची सोय तिच्यात आहे. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव चढले आहेत, म्हणून जुनी चालणारी रॅम जपा. ४ जीबीवरही मोजके टॅब उघडून काम निभतं. जुनं काहीच नसेल तर इंटेल एन१०० प्रोसेसरचा छोटा मिनी पीसी घ्या. अवघ्या ६ वॉटच्या गणतीतला हा प्रोसेसर या कामांना पुरून उरतो. वाचलेले पैसे मोठ्या पडद्यावर घाला, साठीनंतरच्या डोळ्यांना त्याचा खरा उपयोग होतो.

काढलेली हार्ड डिस्कही टाकू नका. एसएसडीच्या बेटांवरचे इलेक्ट्रॉन, ती विजेविना वर्षानुवर्षं पडून राहिली तर हळूहळू निसटतात. हार्ड डिस्कवरच्या चुंबकीय नोंदींना हा धोका नसतो. ती धड असेल तर यूएसबीच्या बाहेरच्या खोक्यात बसवा, लग्नामुंजींच्या फोटोंची एक प्रत तिच्यावर ठेवा आणि वर्षातून एकदा जोडून फोटो उघडतात ना, हे तपासा.