माणसांची उतरंड



मडक्यांची उतरंड तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तळाला मोठा डेरा, वर माठ, त्यावर मडकं, शेंड्याला छोटंसं बोळकं. देशातली माणसं वयाप्रमाणे अशीच रचली तर तळाला पोरंबाळं येतील, मध्ये कामाची माणसं, वर म्हातारी. १९६१ च्या जनगणनेत ही उतरंड अगदी घडीव होती. शंभरातली ४१ माणसं पंधरा वर्षांच्या आतली आणि साठी ओलांडलेली सहासुद्धा नव्हती.

२०११ ला पाहिलं तर मुलं ३१ वर आली होती, साठीपुढची साडेआठांवर गेली होती. म्हणजे डेरा आकसला आणि बोळकं फुगलं.

हे कशानं झालं? माणसं जास्त जगू लागली, हे अर्धंच उत्तर आहे. आपल्या आज्यांना सात-आठ बाळंतपणं व्हायची, कारण त्यातली किती हाती लागतील याचा भरवसा नव्हता. लस आली, दवाखान्यात बाळंतपण होऊ लागलं, मुलं जगू लागली, तशी आपण दोनावर थांबलो. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी दोनसुद्धा मुलं नव्हती, १.७ होती. तळ लहान झाला की म्हातारी माणसं आहेत तेवढीच राहिली तरी शंभरातला त्यांचा वाटा वाढतो. इथं तर दोन्ही एकदम घडलं.

आता आपल्या कामाचं. देशात एकूण पुरुष जास्त आहेत, पण २०११ मध्ये साठीपुढे मोजल्या तर बायका जास्त भरल्या. एक तर बाई पुरुषापेक्षा दोन-तीन वर्षं जास्त जगते, त्यात नवरा बहुधा वयानं मोठा. म्हणून शेवटची वर्षं तिला एकटीनं काढावी लागतात. शेत त्याच्या नावावर, मुलगा पुण्या-मुंबईकडे. साठीपुढच्या शंभरांतली सत्तर माणसं खेड्यातच आहेत, हेही त्याच जनगणनेनं सांगितलं. सासूचं करणाऱ्या सुना आम्हाला गटागटात भेटतात. आपलं कोण करणार, असं विचारलं की सगळ्या हसतात आणि मग गप्प होतात.

अटल पेन्शन योजनेत साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये मिळतात. मात्र १८ ते ४० या वयातच नाव घालता येतं, आणि जितकं लवकर घालाल तितका हप्ता कमी. बचत खातं लागतं, ते गटातल्या बहुतेकींचं आहेच. चाळिशी ओलांडली की हे दार बंद. तेव्हा गटात कोण अडतीसची, कोण एकोणचाळीसची, ते आधी पाहा.

आणि पुढच्या बैठकीत अंगणात रांगोळीनं आपल्या वाडीची उतरंड काढा. दर दहा वर्षांची एक ओळ, माणसामागे एक ठिपका, बाई आणि पुरुष वेगळ्या रंगात. कामाला बाहेरगावी गेलेल्यांचे ठिपके काढू नका. मधलं भांडं केवढं उरतं, ते आम्हाला कळवा.