विश्लेषण : नार्कोलेप्सी आईवडिलांकडून मुलांकडे येते का?

वर्गात, बसमध्ये, अगदी जेवतानाही डोळे मिटणाऱ्या मुलाला घरचे आळशी ठरवतात. रात्री मोबाइल बघत बसतो म्हणून शाळेतही बोलणी खावी लागतात. अशा काही मुलांना प्रत्यक्षात नार्कोलेप्सी हा मेंदूचा आजार असतो. निदानापर्यंत पोहोचण्यात अनेकांची कित्येक वर्षे जातात आणि ते झाले की घरात लगेच पुढचा प्रश्न येतो : हे आमच्याकडून आले का? धाकट्यालाही होईल का?

नेमके काय बिघडते?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात हायपोक्रेटिन हे रसायन तयार करणाऱ्या जेमतेम ७० हजार चेतापेशी असतात. याच रसायनाला ओरेक्सिन असेही म्हणतात. जाग टिकवून धरणे हे त्याचे काम. पहिल्या प्रकारच्या नार्कोलेप्सीत यातील बहुतांश पेशी नष्ट होतात. मग दिवसा अनावर झोप येते, झोप लागताना भास होतात आणि जोरात हसू आले की गुडघे लटपटतात, मान झुकते, हातातला कप निसटतो. या शेवटच्या लक्षणाला कॅटाप्लेक्सी म्हणतात. त्या वेळी माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, तरी पाहणाऱ्यांना ती फिट वाटते. साधारण दोन ते चार हजार लोकांत एकाला नार्कोलेप्सी असते.

कुत्र्यांत जे सापडले ते माणसांत का नाही?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात नार्कोलेप्सी असलेले डॉबरमन कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले. आवडीचे खाणे समोर आले, की ते आनंदाने कोसळत. १९९९मध्ये इमॅन्युएल मिन्यो यांच्या चमूने त्यामागचे कारण शोधले : हायपोक्रेटिनचा संदेश स्वीकारणाऱ्या एकाच जनुकातील दोष. माणसांतही तसेच असेल, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. माणसांत असा थेट जनुकीय दोष अगदीच अपवादाने आढळतो.

मग माणसांत दोषी कोण?

याचा धागा आधीच, १९८०च्या दशकात जपानमध्ये हाती लागला होता. प्रतिकारशक्तीला आपले-परके ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांचा एक समूह असतो, त्याला एचएलए म्हणतात. त्यातील डीक्यूबी१*०६:०२ हा प्रकार कॅटाप्लेक्सी असलेल्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत सापडतो. एखाद्या आजाराचे एका एचएलए प्रकाराशी इतके घट्ट नाते क्वचितच दिसते. पुढे २००९मध्ये टी-पेशींच्या ग्राहीशी निगडित जनुकाचाही संबंध आढळला. दोन्ही खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात : शरीराची प्रतिकारशक्तीच हायपोक्रेटिनच्या पेशींवर उलटत असावी. गंमत म्हणजे हाच एचएलए प्रकार पहिल्या प्रकारच्या मधुमेहापासून मात्र संरक्षण देतो.

तो प्रकार असला की आजार होतोच का?

नाही, आणि इथेच सर्वाधिक गल्लत होते. हा प्रकार निरोगी लोकांतही सर्रास असतो. वेगवेगळ्या लोकसमूहांत साधारण १२ ते ३८ टक्के. दहा हजार वस्तीच्या गावात चौथ्या हिश्शाकडे तो आहे असे धरले, तर अडीच हजार जण त्याचे वाहक असतील आणि नार्कोलेप्सी असेल तीन ते पाच जणांना. जनुके तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांतही एकाला आजार असताना दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांच्या आसपासच आहे. रुग्णाची सख्खी भावंडे आणि मुले यांना धोका १ ते २ टक्के. सर्वसाधारण माणसाच्या तुलनेत तो कैक पट जास्त असला, तरी शंभरातील ९८ जणांना आजार होत नाही.

ठिणगी कुठून पडते?

२००९च्या स्वाइन फ्लूने याचे उत्तर बरेच पुढे नेले. साथीनंतर चीनमध्ये नव्या रुग्णांची संख्या वाढली. फिनलंड आणि स्वीडनमध्ये पॅन्डेमरिक्स ही लस घेतलेल्या मुलांत २०१०मध्ये नार्कोलेप्सीचे प्रमाण वाढल्याचे लक्षात आले. त्या रुग्णांत जवळपास सर्वांकडे हाच एचएलए प्रकार होता. त्याच वेळी, हा प्रकार असूनही लस घेतलेल्या बहुतेक मुलांना काहीच झाले नाही. ही लस आता वापरात नाही.

जनुक चाचणी करून घ्यावी का?

लक्षणे नसलेल्या भावंडाची चाचणी करण्यात अर्थ नाही. ‘पॉझिटिव्ह’ अहवालाने फक्त धास्ती वाढेल. उलट अहवाल ‘निगेटिव्ह’ आला तर पहिल्या प्रकारची नार्कोलेप्सी असण्याची शक्यता फारच कमी होते. मणक्यातील पाणी काढून हायपोक्रेटिन मोजण्याआधी डॉक्टरांना याचा उपयोग होतो. निदान मात्र झोपेच्या प्रयोगशाळेत होते. रात्रभर झोपेची नोंद घेतात आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकी घ्यायला लावतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा स्वप्नांची झोप झटपट सुरू झाली, तर नार्कोलेप्सीचे निदान पक्के होत जाते. धाकट्यालाही दिवसा अशीच झोप अनावर होऊ लागली, तर हीच तपासणी करावी लागते.