परभणीचा पाऊस आणि दोन प्रोसेसर

मृग तोंडावर आला की परभणी जिल्ह्यात मंगळवार आणि शुक्रवारला वजन येतं. त्या दोन दिवशी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला निघतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आल्याशिवाय सोयाबीन-कापसाच्या पेरणीची घाई करू नये, हे त्यात बजावून सांगितलेलं असतं, कारण घाई अंगलट आली तर दुबार पेरणी कपाळी येते. हवामान खात्याच्या ज्या अंदाजावर हा सल्ला बेततात, त्यामागची काही मोठी गणितं पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत होतात.

तिथले दोन महासंगणक इथे महत्त्वाचे आहेत. ‘प्रत्यूष’ ८ जानेवारी २०१८ रोजी देशाला अर्पण झाला. त्यात इंटेलचे झिऑन ई५-२६९५ व्ही४ हे प्रोसेसर आहेत. ‘अर्क’चं लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ रोजी झालं; त्यात एएमडीचे एपिक ७६४३ आहेत. सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या एखाद्या पतसंस्थेला, कॉलेजला किंवा जिनिंगला सर्व्हर घ्यायचा असतो तेव्हा प्रोसेसरबद्दल जे ठाम समज ऐकू येतात, ते या दोघांवर घासून बघता येतात. कारण दोघांनाही जुंपलं ते एकाच कामाला, पावसाच्या अंदाजाला.

‘गिगाहर्ट्झ जास्त तो प्रोसेसर फास्ट’

सगळ्यात चिवट गैरसमज हाच. झिऑनचा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ, एपिकचा २.३. फरक दहा टक्क्यांच्या आतच. या आकड्यावर गेलं तर पाच वर्षांनी नवा प्रोसेसर घेण्यात काही अर्थच उरत नाही. पण झिऑनमध्ये कोअर १८ आणि एपिकमध्ये ४८. दशांशाच्या आकडेमोडीत दोघांचाही एकेक कोअर एका ठोक्याला जास्तीत जास्त १६ क्रिया करतो. गुणाकार केला तर झिऑनची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे ६०५ अब्ज क्रिया येते आणि एपिकची सुमारे १,७६६ अब्ज, म्हणजे जवळपास तिप्पट. गिगाहर्ट्झची तुलना खरी ठरते ती एकाच पिढीच्या, एकाच घडणीच्या दोन प्रोसेसरमध्ये. झिऑन २०१६ चा, १४ नॅनोमीटरचा. एपिक २०२१ चा, ७ नॅनोमीटरचा.

‘मग कोअर मोजायचे, झालं’

नाही. इथे जरा थांबायला हवं, कारण दुकानात या मुद्द्यावर कुणी बोलत नाही. हवामानाचं प्रारूप आकडेमोडीपेक्षा मेमरीवर जास्त अडतं. आकाशाच्या प्रत्येक चौकोनाचं तापमान, वारा, बाष्प, दाब रॅममधून उचलायचं, थोडं गणित करायचं, परत ठेवायचं, पुढच्या चौकोनाकडे जायचं. ऊसतोड टोळीत कोयते वाढवले आणि वाहनं तेवढीच राहिली तर तोडलेला ऊस फडातच पडून राहतो. मेमरीची वाट अरुंद असेल तर वाढीव कोअरचं तसंच होतं.

झिऑनला मेमरीचे चार चॅनल आहेत, डीडीआर४-२४०० रॅमचे. मिळून सेकंदाला ७६.८ गिगाबाइट. एपिकला आठ चॅनल, डीडीआर४-३२०० चे; मिळून २०४.८ गिगाबाइट. आता दोन्ही आकडे आपापल्या कोअरच्या संख्येने भागून बघा. ७६.८ भागिले १८ म्हणजे ४.२७. २०४.८ भागिले ४८ म्हणजेही ४.२७. प्रत्येक कोअरच्या वाट्याला येणारी मेमरीची वाट तंतोतंत तेवढीच! मला हा सगळ्या तुलनेतला सर्वांत बोलका आकडा वाटतो. एपिकने कोअर वाढवले, पण त्यांना उपाशी ठेवलं नाही. शिवाय कोअरजवळची कॅश झिऑनमध्ये ४५ मेगाबाइट आणि एपिकमध्ये २५६, म्हणजे दर कोअरला अडीचच्या जागी सव्वापाच. जेवढा माल जवळ मावेल, तेवढे रॅमकडचे हेलपाटे कमी.

याचा परभणीला काय उपयोग, तर तो असा. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली आणि अंदाजाचा चौकोन १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आला. आपला जिल्हा सव्वासहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. जुन्या जाळीत त्याचे जेमतेम ४३ चौकोन पडत, नव्या जाळीत पावणेदोनशेच्या घरात पडतात. चौकोन निम्मा केला की त्यांची संख्या चौपट होते आणि गणितातलं वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं. काम ढोबळमानाने आठपट. प्रत्यूषवर प्रारूप चालायला दहा तासांपर्यंत लागत, अर्कवर चार तास पुरतात, असं संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं आहे. अंदाज वेळेत हाती आला तरच त्याला अंदाज म्हणायचं.

‘सर्व्हर प्रोसेसर म्हणजे डेस्कटॉपचाच महागडा भाऊ’

फरक किमतीत कमी आणि कामाच्या जबाबदारीत जास्त आहे. सर्व्हर प्रोसेसर चूक दुरुस्त करणारी ईसीसी रॅम वापरतो; खात्यातला एखादा आकडा मेमरीत परस्पर बदलला तर तो पकडला जातो. पतसंस्थेला एवढं एक कारण पुरेसं आहे. या दोघांपैकी कुठल्याही प्रोसेसरची जोडी एका बोर्डावर बसते. झिऑन दीड टेराबाइटपर्यंत रॅम घेतो, एपिक चारपर्यंत. डिस्क आणि नेटवर्क कार्डांसाठी झिऑनला पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या ४० लेन आहेत, एपिकला चौथ्या पिढीच्या १२८.

‘वॉट जास्त, म्हणजे बिल जास्त’

झिऑन १२० वॉटचा, एपिक २२५ वॉटचा. कोअरमागे बघितलं तर पावणेसातच्या आसपास आणि पावणेपाचच्या आत. भरगच्च काम असेल तर एपिकच काटकसरी. पण दिवसभर रिकामा बसलेला मोठा सर्व्हर वीज खातच राहतो, आणि परभणीच्या मे महिन्यात त्याची खोली थंड ठेवायचा खर्च वेगळा.

‘महाग तो चांगला’ आणि ‘स्वस्त तो परवडतो’

बाजारात येताना झिऑनची छापील किंमत २,४२४ डॉलर होती, एपिकची ४,९९५. दर कोअरला सुमारे १३५ आणि १०४ डॉलर. एपिक स्वस्त पडला म्हणायचं का? हवामान संस्थेला, हो. तालुक्याच्या पतसंस्थेला मात्र हिशेब उलटा पडू शकतो, तो सॉफ्टवेअरमुळे. विंडोज सर्व्हरचा परवाना कोअर मोजून घ्यावा लागतो, एका सर्व्हरला किमान १६. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरलाही कोअरवर परवाना घेतला तर तेच. ४८ कोअर घेतले आणि रोजचं काम आठांत भागत असेल, तर उरलेल्या चाळिसांच्या परवान्याचे पैसे वाया. अशा ठिकाणी कमी कोअरचा पण दर कोअरला चपळ असलेला नवा प्रोसेसर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वापरून काढलेले ई५ झिऑन स्वस्तात मिळतात. कॉलेजच्या मुलांना लिनक्स आणि नेटवर्किंग शिकवायला ते उत्तम. ठेवीदारांचा पैसा ज्यावर मोजला जातो तिथे दहा वर्षांपूर्वीचा बोर्ड नको, कारण तो बंद पडला तर तसाच दुसरा शोधण्यात दिवस जातात आणि काउंटरवर माणसं ताटकळतात.

‘म्हणजे इंटेल हरलं, एएमडी जिंकलं’

ही तुलना दोन पिढ्यांची आहे, दोन कंपन्यांची नाही. एपिक ७६४३ च्याच वर्षी, २०२१ मध्ये, इंटेलने ४० कोअरचा झिऑन प्लॅटिनम ८३८० आणला. त्यालाही आठच मेमरी चॅनल, त्याच वेगाचे. आणि एव्हीएक्स-५१२ या सोयीमुळे काही आकडेमोडीत त्याचा एकेक कोअर एपिकच्या दुप्पट काम उपसू शकतो. ज्या प्रोग्रॅमला ही सोय वापरता येते तिथे निकाल फिरतो. मात्र तो २७० वॉटचा आणि ८,०९९ डॉलरचा होता. म्हणून सर्व्हर घ्यायच्या आधी मार्चअखेरच्या एखाद्या गर्दीच्या दिवशी जुन्या मशीनवर काय भरतंय ते बघावं: सगळे कोअर, एकच कोअर, रॅम की डिस्क? कित्येकदा दोष डिस्कचा असतो आणि प्रोसेसर निवांत असतो.

‘वेगवान प्रोसेसर आला, आता अंदाज चुकणार नाही’

शेतकऱ्याच्या जिवाशी खेळणारा गैरसमज हा. प्रोसेसर गणित लवकर करतो, आकाशाची मोजणी करत नाही. ती करतात पर्जन्यमापक, रडार, उपग्रह. शिवाय ६ किलोमीटरचा एक चौकोन म्हणजे ३६ चौरस किलोमीटर, त्यात दोन-चार गावं सहज बसतात. वळवाचा ढग त्याहून लहान असू शकतो. पाथरीकडच्या एका शिवारात ओढे वाहतील आणि शेजारच्या शिवारात धूळ उडेल, असा पाऊस ही जाळी अजूनही सुटा दाखवू शकत नाही. तेव्हा सल्ल्यात पाऊस दिसला तरी आपल्या रानात तो किती पडला हे मोजावं, वापसा बघावा, मगच तिफण बाहेर काढावी.