मागचा ॲक्सल बदलल्यावर शाफ्टची लांबी

अमेरिकेतील जीपशौकिनांमध्ये चेरोकी एक्सजेच्या खाली १९९५ ते २००१ या सालांतील फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची ॲक्सल बसविण्याचा प्रघात चांगलाच रूढ आहे. डिस्क ब्रेकांसह मिळणारा हा ऐवज निःसंशय मजबूत असला, तरी जुना प्रोपेलर शाफ्ट त्यास जसाच्या तसा जुळेल हे गृहीत धरणे धाडसाचे होय, कारण पिनियनचे टोक किती पुढे येते हे ॲक्सलगणिक भिन्न असते.

मापाची घाई मात्र करू नये. स्प्रिंगच्या पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड होऊन पिनियनचा कोन मुक्रर झाल्यावाचून आणि गाडीचा सारा भार चाकांवर टेकल्यावाचून घेतलेले माप कुचकामी समजावे. जॅकवर गाडी उचलून लोंबत्या ॲक्सलचे माप घेणाऱ्यांना काय म्हणावे! स्लिप योक ट्रान्सफर केसमध्ये पूर्ण आत ढकलून, मग सुमारे पाऊण ते एक इंच बाहेर ओढून, तेथील युनिव्हर्सल जॉइंटच्या क्रॉसच्या मध्यापासून पिनियनकडील क्रॉसच्या मध्यापर्यंतचे अंतर टिपावे. ही सवड न ठेवल्यास ॲक्सल वर उसळताच योक आत आदळतो. फाजील ठेवल्यास स्प्लाइनची पकड अपुरी पडते.

एक्सजेचा क्रॉस बहुधा १३१० मापाचा, फोर्डचा १३३०. सबब दोहोंना सांधणारा मिश्र क्रॉस मागवावा, आणि एक्सप्लोररच्या शाफ्टवरील फ्लँज-योक भंगारातून ॲक्सलबरोबरच उचलून आणावा. नळी कापून वेल्ड करणाऱ्या कारागिरास दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवण्याची व शेवटी बॅलन्सिंग करण्याची सक्त ताकीद द्यावी.