टाकीतलं पाणी, खाण्याचा सोडा आणि आमची चूक



आमच्या मंडळाच्या वाचनखोलीतली माशांची टाकी तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, पाणी साधारण 50 लिटर. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तिच्यातले 14 पैकी 11 मासे मेलेले सापडले. आम्ही पहिल्यांदा काय केलं, तर खोली झाडणाऱ्या मावशींना विचारलं, "काल फडक्याला साबण होता का हो?" त्या नाही म्हणाल्या आणि आम्ही विश्वास ठेवला नाही. चूक आमचीच होती. ती कशी, तेच आज सांगायचं आहे. मावशी इथे समोरच बसल्या आहेत.

आम्हाला टाकीत हिरवीगार पाणवनस्पती हवी होती. झाडं पाण्यातली असोत की कुंडीतली, त्यांना कार्बन डायऑक्साइड लागतो. पण उघड्यावर ठेवलेल्या पाण्यात हा वायू लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम टिकतो. शिवाय पाण्यातून तो सरकतो हवेपेक्षा सुमारे 10 हजार पट संथ. म्हणून झाडं खुरटतात, आणि त्यांच्या पानांवर शेवाळ बसतं. यावर उपाय म्हणजे वायू बाहेरून सोडणं. सिलिंडर महाग, म्हणून आम्ही बाटली केली. दोन लिटरच्या बाटलीत पाऊण भाग पाणी, वाटीभर साखर, पाव चमचा यीस्ट आणि झाकणातून काढलेली नळी. पाव फुगवणारा वायू तोच हा. (बाटलीचं तोंड कधीही पूर्ण बंद करू नका, फुटते.)

इथपर्यंत ठीक होतं. पुढे कुणीतरी सांगितलं की झाडांच्या टाकीत सामू 6.6 हवा. शेती करणाऱ्या मैत्रिणींना माती परीक्षणाच्या कागदावरचा सामू माहीत आहे. 7 म्हणजे मध्यम, त्याखाली आम्लाकडे, त्यावर अल्कलीकडे. वायू पाण्यात विरघळला की थोडं आम्ल तयार होतं आणि सामू उतरतो. आमचा काही 6.6 वर येईना. मग आम्ही दुसरी बाटली जोडली, टाकीवर झाकण घातलं, हवेचा पंप बंद केला. संध्याकाळी पट्टीवर 6.6 दिसला आणि आम्ही खुशीत घरी गेलो.

आमचं पाणी बोअरचं. पातेल्यात उकळलं की तळाला पांढरा थर धरतो ना, तसलं. त्या थराचं मूळ पाण्यातल्या बायकार्बोनेटमध्ये असतं. खाण्याच्या सोड्यातही बायकार्बोनेटच असतं. टाकी ठेवणारे त्याच्या मापाला केएच म्हणतात आणि अंशांत मोजतात. हे बायकार्बोनेट आम्लाचा धक्का झेलतं आणि सामूला सहजी उतरू देत नाही. घरातली एखादी मोठी जाऊ सगळ्यांची बोलणी स्वतःवर घेते, तसं. त्यामुळे केएच जास्त असेल तर सामू उतरवायला वायूही कितीतरी जास्त लागतो.

आकडे पाहा. माशांना साधारण 30 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतचा वायू सोसतो. केएच 4 अंश असेल तर 30 मिलिग्रॅमला सामू 6.6 दाखवतो. केएच 1 असेल तर तेवढ्याच वायूला 6 दाखवतो. आमच्या बोअरचा केएच निघाला 12. त्या पाण्यात सामू 6.6 म्हणजे वायू सुमारे 90 मिलिग्रॅम! सामूने मासे मेले नाहीत, वायूने मेले. बाहेरच्या पाण्यात वायू इतका दाटला की माशांच्या रक्तातला वायू कल्ल्यांवाटे बाहेर पडेना. त्यात रात्री झाडंसुद्धा तोच वायू सोडतात, आणि यीस्टला रात्र-दिवस कळत नाही.

म्हणजे सामूचा एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही. आधी आपल्या पाण्याचा केएच मोजायचा. थेंब टाकून रंग बदलतो ते साधं किट पुरतं. दुसरी सोय म्हणजे ड्रॉप चेकर. ही टाकीत उलटी टांगायची काचेची कुपी. आत 4 अंश केएचचं तयार द्रावण आणि रंगाचे थेंब. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे धोका. टाकीत लाकूड असेल तर त्याच्या आम्लामुळे सामू आणि केएचचं गणित फसतं, पण कुपीतलं पाणी वेगळं असल्याने ती फसत नाही. मात्र तिचा रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तेव्हा माशांकडे बघणं सोडू नका.

कुपी नसेल तर टाकीतलं पाणी ग्लासभर काढून दिवसभर उघडं ठेवा. मग ग्लासाचा आणि टाकीचा सामू मोजा. एक अंकाचा फरक म्हणजे टाकीत वायू दहापट. त्यापुढे जाऊ नका.

मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले तर थांबू नका. बाटली काढा, पंप लावा, लोटीने पाणी वर-खाली करा, अर्धं पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारणारे थेंब आधी घाला.

ज्यांचा केएच अगदीच कमी, म्हणजे फिल्टरचं पाणी वापरणाऱ्या, त्यांनी 50 लिटरला अर्धा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून घातला तर दीड-दोन अंश वाढतात. एकदम नको, दोन-तीन दिवसांत थोडा थोडा.

आम्ही आता बाटलीच काढली. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया लावलं. ही झाडं बायकार्बोनेटमधूनही कार्बन ओढून घेतात, म्हणजे आमचं जड पाणी त्यांना चालतंच. दिवा सात तास. मासे गप्पी, त्यांनाही जड पाणी मानवतं. त्यांना खाऊ घालायचं काम मावशींनी स्वतःकडे घेतलंय, आणि पंपाच्या बटणाला आम्हाला हात लावू देत नाहीत.