विभागांच्या सीमेवरची पीएचडी

मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलेल्या एखाद्या मुलीला जखम भरताना पेशी कशा सरकतात, याचा अभ्यास करायचा असतो. मेकॅनिकल विभागाच्या यादीत तिला पेशी सापडत नाहीत, आणि जीवशास्त्रात आपल्याला कोण घेणार, म्हणून ती तिकडे फिरकत नाही. जागा मात्र असते. शोध विभागाच्या नावापासून नव्हे, प्रश्नापासून सुरू करावा.

त्या प्रश्नावरचे गेल्या चार-पाच वर्षांतले शोधनिबंध काढा आणि लेखकांच्या नावांखालचे पत्ते वाचा. अभियांत्रिकी आणि जीवशास्त्र असे दोन्ही पत्ते पुन्हा पुन्हा एकत्र दिसले, तर तिथे काम खरोखर मिळून चालतं. जीवशास्त्रात शेवटचं नाव बहुतेकदा प्रयोगशाळा चालवणाऱ्या प्राध्यापकांचं असतं. मग त्यांच्या संस्थेत शिरायचं दार शोधायचं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जैवअभियांत्रिकीची आंतरविद्याशाखीय पीएचडी आहे. आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंगचा एकच विभाग आहे. आयआयटीबी-मोनॅश संशोधन अकादमीत तर अर्जच ठरावीक प्रकल्पासाठी करायचा असतो आणि मुंबई व मेलबर्न, दोन्हीकडे गाइड असतात. जाहिरातीतली पात्रतेची ओळ शेवटपर्यंत वाचा; आपली पदवी अनेकदा तिथे टोकाला असते.

पैशाचे दोन मार्ग नीट ओळखा. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) उमेदवाराची स्वतःची असते. २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. प्राध्यापकांच्या प्रकल्पातली जेआरएफ मात्र प्रकल्प असेपर्यंतच, आणि ती मिळाली म्हणजे पीएचडीची नोंदणी झाली असं नाही. त्यासाठी बहुतेक ठिकाणी वेगळी मुलाखत द्यावी लागते. हे रुजू होण्याआधीच विचारून घ्या.

प्राध्यापकांना ईमेल छोटा लिहा: त्यांच्या कोणत्या निबंधातली कोणती गोष्ट पुढे न्यावीशी वाटते आणि आपल्याला त्यातलं काय येतं. ‘आय अॅम पॅशनेट अबाउट रिसर्च’ हे वाक्य काढून टाका. त्या जागी आपण लिहिलेला कोड किंवा केलेला प्रयोग येऊ द्या.

दोन गाइड असतील तर सर्वांत जास्त वेळ पुढचे प्रश्न विचारण्यात घालवा. बसायची जागा कुठल्या लॅबमध्ये? कोर्सवर्क कोणाचं? दोघांचं मत जुळलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा? त्याच लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. दोन विभागांच्या मध्ये अडकलेला विद्यार्थी कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतो.

युरोपातल्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधल्या जागा युरॅक्सेस पोर्टलवर येतात. तिथे पीएचडी ही पगारी नोकरी असते. एक अट लक्षात ठेवा: ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त काळ राहिलेलं किंवा काम-शिक्षण केलेलं नसावं. म्हणजे जर्मनीत नुकतंच दोन वर्षांचं एमएस केलेल्या मुलाने त्या नेटवर्कमधली नेदरलँड्सची किंवा स्वीडनची जागा पाहावी.